चवळीचे बियाणे : घरचे, पण पारखलेले

नवरात्रात आपल्या घरोघरी घट बसतात. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचे, वर पाण्याचा कलश ठेवायचा आणि रोज एक माळ चढवायची. दसऱ्यापर्यंत पोपटी कोंब चांगले वीतभर होतात. ज्यांच्या घरी शेती होती त्या आजी-आजोबांचे लक्ष माळेइतकेच या कोंबांकडेही असे. कोणते धान्य दाट उगवले, कोणते मातीतच कुजले, हे पाहून ते रब्बीच्या पेरणीचा अंदाज बांधत. देवघरातला घट ही त्यांची बियाण्याची परीक्षाही होती.

हे सगळे आठवायचे कारण असे. आमच्यापैकी एका कुटुंबाची तराना तहसिलीत थोडी जमीन आहे, ती बटाईने दिलेली आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे सोयाबीन पेरले. पाऊस वेळेवर झाला, वाफसा चांगला होता, पण आठवड्याभरानंतर ओळीत निम्मीसुद्धा रोपे दिसेनात. दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याचा खर्च दोनदा झाला, हंगाम पंधरा दिवस मागे गेला आणि बटाईदाराच्या घरी त्या वर्षी दिवाळी जेमतेमच झाली. पिशवी कुठली, पावती कुठे, याचा शोध घेतला तेव्हा दोन्ही सापडल्या नाहीत. बियाण्याबद्दल आपल्याला किती कमी माहिती आहे, हे त्या दिवशी आम्हाला कळले. मग आम्ही वाचायला, विचारायला लागलो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो, आणि त्यासाठी पीक निवडले आहे चवळी.

चवळीच का?

घरात आपण चवळी म्हणतो, मंडीत तिलाच चवला म्हणतात. उसळ, आमटी आणि कोवळ्या शेंगांची भाजी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. (पालेभाजी असते ती चवळई, ती वेगळी.) चवळीचे मूळ आफ्रिकेतले. तिथून ती फार प्राचीन काळी भारतात आली. तिच्या वाळलेल्या दाण्यात साधारण २४ टक्के प्रथिने असतात. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बांधतात, म्हणून पुढच्या पिकालाही तिचा फायदा होतो. ती लवकर जमीन झाकते, तण दाबते आणि कमी पावसात तग धरते.

आपल्या माळव्याला कोरडा प्रदेश म्हणता येणार नाही. उज्जैनला वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण त्यातला बहुतेक जूनअखेर ते सप्टेंबर एवढ्यातच पडतो, आणि मध्येच तीन-तीन आठवडे ओढ देतो. पूर्वी इथली बरीच काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून ओलीवर गहू-हरभरा घेत. १९७० नंतर सोयाबीन आले आणि खरीप भरून गेला. त्याने पैसा दिला, हे मान्यच करायला हवे. पण सगळ्यांचे सगळे एकाच पिकावर टांगलेले असले, की एका वाईट हंगामात सगळेच खाली येतात. बांधालगतच्या हलक्या, निचऱ्याच्या तुकड्यावर किंवा मक्या-ज्वारीत आंतरपीक म्हणून चवळी घेतली तर थोडा आधार राहतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. चवळीला साचलेले पाणी सोसत नाही. भारी काळ्या जमिनीत ती रुंद वरंबा-सरीवरच पेरावी.

सुधारित म्हणजे संकरित नव्हे

इथे अनेकांची गल्लत होते. संकरित वाणाचे बी दर वर्षी नवे घ्यावे लागते, कारण पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात. चवळीचे तसे नाही. तिचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्याआधीच आतल्या आत परागीभवन झालेले असते. त्यामुळे सुधारित वाणाचे दाणे नीट राखले तर पुढची काही वर्षे तेच गुण टिकतात.

मग सुधारित वाणात वेगळे काय असते? जुन्या पसरट चवळीला वेल फार येतात आणि शेंगा दोन-दोन महिने थोड्या थोड्या पिकत राहतात. निवड करून काढलेले वाण बुटके, झुडपी, लवकर आणि बरेचसे एकदम पिकणारे असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले पंढरी आणि फुले विठाई, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कोकण सदाबहार आणि कोकण सफेद ही आपल्या महाराष्ट्रातली नावे. भाजीच्या शेंगांसाठी वाराणसीचा काशी कांचन प्रसिद्ध आहे.

साठ-सत्तर दिवसांत हाती येणाऱ्या चवळीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. डॉ. बी. बी. सिंग हे शास्त्रज्ञ आधी पंतनगरला सोयाबीनवर काम करत होते. पुढे नायजेरियातल्या इबादान येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत त्यांनी अनेक वर्षे चवळीचे वाण घडवले. तिथली लवकर पिकणारी चवळी पुन्हा पंतनगरला आली आणि गहू निघाल्यानंतर, खरिपाच्या आधी, त्या मधल्या काळात घेता येईल असे पंत लोबिया वाण तयार झाले. ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यात थोडे पाणी असते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चांगले वाण आहे, तर मिळत का नाही?

बियाण्याच्या पायऱ्या असतात. वाण तयार करणारी संस्था थोडे पैदासकार बियाणे देते, त्याला सोनेरी-पिवळी खूणचिठ्ठी असते. त्यापासून पायाभूत बियाणे होते, त्याची चिठ्ठी पांढरी. त्यापासून प्रमाणित बियाणे, त्याची चिठ्ठी निळी. शेतकऱ्याच्या हाती येते ते हे शेवटचे. यातली एक पायरी जरी निखळली तरी उत्तम वाण कागदावरच राहते.

चवळीच्या बाबतीत ती निखळते, कारण मोठ्या कंपन्यांना यात फारसा नफा नाही. शेतकरी एकदा बी घेतो आणि मग तीन-चार वर्षे फिरकत नाही. मागणीही गावोगाव थोडी थोडी. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा कडधान्यांच्या बियाण्याचा प्रश्न सगळ्यांनाच दिसला. २०१६-१७ पासून केंद्र सरकारने देशभर १५० कडधान्य बीजकेंद्रे उभी करायला घेतली. मात्र अशा केंद्रांचा भर साहजिकच हरभरा, तूर, मूग, उडीद यांवर असतो. चवळी मागच्या बाकावर बसते.

आफ्रिकेत नायजेरिया आणि नायजर हे चवळीचे सर्वांत मोठे उत्पादक देश. तिथेही अडचण हीच होती. तिथे उपाय निघाला तो गावातूनच. काही छोट्या शेतकऱ्यांना पायाभूत बियाणे आणि शिक्षण द्यायचे, त्यांनी ते वाढवायचे आणि शेजारच्या गावांत किलो-दोन किलोच्या लहान पुड्यांत विकायचे. गरीब शेतकरी वीस किलोची गोणी घेत नाही, पण एक पुडी घेऊन बांधावर करून बघतो. चांगले आले की पुढच्या वर्षी तोच चार जणांना सांगतो.

थोडा हिशेब

चवळीला हेक्टरी साधारण २० किलो बी लागते. बरे पीक ८ क्विंटल देते. चाळून, निवडून त्यातले ६ क्विंटल बियाण्याजोगे धरू. म्हणजे १० किलो बी अर्ध्या हेक्टरात पेरले तर ३ क्विंटल बियाणे मिळते. ते पुढच्या हंगामात १५ हेक्टरांना पुरते. त्या १५ हेक्टरांतून ९० क्विंटल, म्हणजे ४५० हेक्टरांचे बियाणे. दोन हंगामांत एका घरातून अख्ख्या पंचक्रोशीला पुरेल इतके. सोयाबीनला हेक्टरी ७० ते ८० किलो बी लागते आणि त्याचे साल नाजूक, उगवणशक्ती लवकर जाते. चवळी या बाबतीत फारच सोपी.

बीजोत्पादन करताना काय पाहावे?

आधीच्या हंगामात चवळी घेतलेले शेत नको, कारण सांडलेले दाणे आपोआप उगवून भेसळ करतात. दुसऱ्या चवळीपासून अंतर ठेवावे लागते. पायाभूत बियाण्यासाठी १० मीटर आणि प्रमाणितसाठी ५ मीटर. परागीभवन आतल्या आत होत असल्यामुळे एवढे थोडे अंतरही चालते.

खरे काम भेसळ काढण्याचे. फुलोऱ्यापूर्वी, फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना शेतातून चालत जायचे. वेगळ्या उंचीचे, वेगळ्या फुलाचे झाड दिसले की मुळासकट उपटायचे. पाने पिवळी-हिरवी चट्ट्यांची झाली असतील तर तेही काढायचे, कारण चवळीचे काही विषाणूरोग बियाण्यातूनच पुढच्या वर्षी जातात आणि मावा ते शेतभर पसरवतो. इथे हात आखडता घेऊन चालत नाही. आमच्या ओळखीचे एक जाणते शेतकरी म्हणतात, ज्याला झाड उपटताना वाईट वाटते त्याने बियाण्याच्या फंदात पडू नये.

शेंगा वाळतील तशा दोन-तीनदा तोडाव्यात. पावसात भिजलेल्या शेंगा बियाण्यात मिसळू नयेत. मळणी काठीने हलक्या हाताने करावी. दाणा इतका वाळवावा की दाताखाली कट्कन फुटेल. प्रमाणित बियाण्याची मर्यादा अशी आहे : ओलावा ९ टक्क्यांपेक्षा जास्त नको, शुद्धता किमान ९८ टक्के आणि उगवण किमान ७५ टक्के.

साठवणीतला शत्रू

चवळीच्या डब्यात बारीक तपकिरी भुंगेरे आणि भोके पडलेले दाणे कोणी पाहिले नाहीत? ही कीड घरात येते ती बहुतेकदा शेतातूनच. मादी शेंगेवर किंवा दाण्यावर शंभराच्या आसपास अंडी घालते. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे तीच अंडी. अळी दाण्याच्या आत वाढते आणि महिन्याभरात पुढची पिढी बाहेर पडते. दोन-तीन महिन्यांत गोणीभर बियाण्याचा भुसा होतो.

आपल्या घरातले उपाय यावर लागू पडतात. कडक ऊन, गोवऱ्यांची चाळलेली राख, दाण्याला तेलाचा हात. किलोला चमचाभर खाद्यतेल चोळले तरी अंड्यांचा नायनाट होतो. १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तीन थरांच्या पिशवीची युक्ती काढली. आत दोन हवाबंद प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाहेर विणलेली गोणी. आतले किडे होता-नव्हता प्राणवायू संपवतात आणि मरतात. औषध मुळीच लागत नाही. घरी घट्ट झाकणाचा डबा काठोकाठ भरून ठेवला तर तत्त्व तेच.

कायदा आणि आपला हक्क

बियाण्यांचा कायदा १९६६ चा. त्याखाली विकत्या बियाण्याच्या पिशवीवर वाण, उगवण, तारीख लिहिलेली असलीच पाहिजे. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. अट एकच, संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. विकत घेतलेल्या बियाण्याची पावती, खूणचिठ्ठी, रिकामी पिशवी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. आम्ही ठेवले नव्हते, म्हणून तक्रारही करता आली नाही.

सुधारित बियाणे आणले म्हणून जुने टाकून द्यायचे नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात अशा कितीतरी देशी वाणांचे बियाणे घरात सांभाळले. २०२० च्या पद्मश्रीसाठी त्यांचे नाव जाहीर झाले. उद्याच्या सुधारित वाणाला लागणारे गुण अशाच घरांतल्या मडक्यांतून मिळणार आहेत.

यंदा आपण काय करू शकतो?

पहिले काम सोपे आहे आणि ते मुलांनी करावे. घरच्या चवळीचे न निवडता १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटात ओळीने मांडा, गुंडाळी करा, रोज पाणी शिंपडा. पाचव्या दिवशी आणि आठव्या दिवशी चांगले कोंब मोजा. ७५ किंवा जास्त आले तर बी पेरण्याजोगे. साठाच्या आसपास आले तर थोडे दाट पेरा. त्याहून फार कमी असेल तर उसळ करा, पेरू नका.

दुसरे, ज्या कुटुंबांची उज्जैन, बडनगर, महिदपूर, तराना, खाचरोद भागात जमीन आहे त्यांनी आपल्या बटाईदाराला विश्वासात घेऊन एखादा बिघा यासाठी द्यावा. खात्रीच्या वाणासाठी उज्जैनच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करावी. बियाण्याचा नफा झाला तर त्यात बटाईदाराचा वाटा आधीच ठरवावा, कारण शेतात उन्हातान्हात भेसळ काढणार तो आणि त्याच्या घरची माणसे.

तिसरे, गावाकडून आलेली जुनी चवळी कोणाच्या घरी असेल तर ती मूठभर तरी आपल्या मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. सोबत कागदावर गाव, रंग आणि घरात ती किती वर्षांपासून आहे ते लिहावे.

येत्या नवरात्रात घटाच्या मातीत धान्य पेराल, तेव्हा चवळीचे दहा दाणेही मोजून टाका. दसऱ्याला किती उगवले ते सांगा. दुबार पेरणीची वेळ पुन्हा कोणावर येऊ नये, याची सुरुवात तिथूनच होऊ शकेल.