वळणाचा दिवा कां रुसतो ?

आमच्या घरीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. आमच्या वडील बंधूंनीं ती 1986 सालीं घेतली. ते आज हयात नाहींत. परंतु वहिनींस देवदर्शनास न्यावयाचें झालें म्हणजे घरांतील नवी गाडी तशीच राहते व हीच अंगणांतून बाहेर निघते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजीं नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा पुरी होतांच, 2023 च्या ऑक्टोबरअखेर, तिनेंही रस्त्याचा निरोप घेतला. खाजगी पद्मिनी मात्र अजून पुष्कळ घरांतून प्रेमानें सांभाळल्या जातात. म्हणून तिच्या एका नित्याच्या दुखण्यासंबंधीं आम्हांस आलेला अनुभव येथें सांगत आहों.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. सायंकाळीं आमचा पुतण्या वहिनींस घेऊन घराकडे परतत होता. आम्हीं त्याच्या शेजारीं बसलों होतों. उजवीकडे वळण्यासाठीं त्यानें इंडिकेटर लावला, ब्रेक दाबून गाडी मंद केली आणि चाक फिरविलें. इतक्यांत मागून येणारा एक तरुण स्कूटरसह आमच्या उजव्या दारापाशीं घसरून पडला. सुदैवानें गुडघा खरचटण्यावर निभावलें. उठतांच तो म्हणाला, "काका, वळायचं होतं तर सिग्नल तरी द्यायचा !" पुतण्या म्हणाला, "दिला होता रे बाबा !" आम्हीं त्या तरुणाची समजूत घातली, आणि घरीं आल्यावर पुतण्यासच निष्काळजीपणाबद्दल चार शब्द ऐकविले. वस्तुतः दोघेही खरेंच बोलत होते. चुकलों तें आम्हीं.

दुसरे दिवशीं गाडी दुरुस्तीस नेली. कारागिरानें भर दुपारीं इंडिकेटर लावून पाहिला. तो बरा चालला. तरीही "फ्लॅशर गेला असेल" असें म्हणून त्यानें नवा बसविला. आठ दिवसांनीं पुन्हां तीच तक्रार. पुन्हां नवा फ्लॅशर. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं आतां हा दिवा चालतो कसा, हेंच समजून घ्यावें.

तें फारसें अवघड नाहीं. जुन्या गाड्यांच्या फ्लॅशरांत बहुधा तापून प्रसरण पावणारी धातूची पट्टी किंवा तार असते. वीज वाहूं लागली कीं ती तापते व आपली जागा बदलते; निवली कीं पूर्वस्थितीवर येते. या चढउतारानें दिवा लागतो आणि विझतो. मिनिटास 60 ते 120 वेळां असें लुकलुकणें नियमास धरून आहे. प्रत्येक बाजूस पुढें एक व मागें एक असे 21 वॅटचे दोन बल्ब असतात. दोन्ही मिळून 42 वॅट. बॅटरी 12 व्होल्टची. म्हणजे साडेतीन अँपिअर वीज वाहते. या प्रवाहाच्या हिशेबानेंच फ्लॅशर बनविलेला असतो. एक बल्ब गेला तर प्रवाह निम्मा होतो; मग दिवा लुकलुकण्याची गती एकदम बदलते, किंवा उरलेला दिवा न लुकलुकतां नुसता जळत राहतो. हा फ्लॅशरचा दोष नव्हे. ती त्यानें दिलेली सूचना होय.

म्हणून प्रथम पाहावें तें हें कीं, दोष एका बाजूस आहे कीं दोन्ही बाजूंस. दोन्ही बाजू मुक्या असतील तर फ्यूज, फ्लॅशर किंवा चाकाखालचा खटका यांकडे संशय जातो. फ्यूज वितळला असेल तर त्याच मापाचा दुसरा घालावा. जाड तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम भागवूं नये, कारण त्यानें आग लागण्याचें भय असतें. दोन टोकांचा फ्लॅशर असल्यास इंडिकेटर लावून तीं टोकें क्षणभर तारेनें जोडावीं. दिवे स्थिर जळले तर तारा व खटका शाबूत असून फ्लॅशरच निकामी झाला आहे, असें समजावें. एकच बाजू बिघडली असेल तर आधीं बल्ब पाहावा, तो योग्य वॅटचा आहे कीं नाहीं हें वाचावें, मग होल्डरांतील गंज पाहावा.

आमचे बल्ब नवे होते, होल्डर स्वच्छ होते. डावी बाजू निर्दोष. मग उजवी रुसते कधीं ? येथें आमच्या आठवींतील नातीनें आम्हांस धडा दिला. तिन्हीसांजेस पुतण्या गाडींत बसून खटके दाबीत होता व ती समोर उभी होती. ती ओरडली, "आजोबा, बाबांनीं नुसता ब्रेक दाबला तरी पुढचा उजवा पिवळा दिवा मिणमिणतो !" इंडिकेटर तर बंद होता. मग ब्रेक दाबून इंडिकेटर लावला, तों मागचा उजवा दिवा जवळजवळ विझला. ब्रेक सोडतांच पुन्हां लुकलुकूं लागला.

न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक म्हणून जें सांगतात, तें याहून निराळें नाहीं. ब्रेक आहे तर दोष आहे. ब्रेक नाहीं तर दोष नाहीं. तेव्हां फ्लॅशर निरपराध ठरला. मोटारींत विजेस परत जाण्यासाठीं वेगळी तार नसते. गाडीचा पत्राच तें काम करतो. कारागीर त्या जोडणीस 'अर्थ' म्हणतात. मागच्या उजव्या दिव्याची ही जोडणी गंजून अर्धवट तुटली होती. एकटा इंडिकेटर तींतून कसाबसा निभावे. ब्रेकचा दिवा लागला कीं दोघांस तो मार्ग पुरेना. मग ब्रेकची वीज इंडिकेटरच्या बल्बांतून उलटी शिरून पुढच्या दिव्याकडे धांव घेई. जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले, आणि घरच्या दिव्यांतला अर्थ हरवलेला आम्हांस कळला नाहीं !

खात्रीसाठीं होल्डरच्या धातूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक तार तात्पुरती लावली, दिवा तेजाळला. तार काढली, तो पुन्हां मंदावला. मग बॅटरी सोडवून दिव्याचा स्क्रू काढला. गंजलेली जागा कांचकागदानें चकचकीत होईपर्यंत घांसली, स्क्रू घट्ट आवळला व वर थोडें व्हॅसलीन लावलें, म्हणजे पाण्याचा शिरकाव होऊं नये. सारें काम अर्ध्या तासाचें. दोन फ्लॅशरांचे पैसे मात्र व्यर्थ गेले.

दुपारच्या उन्हांत एकेक दिवा स्वतंत्र लावून पाहिल्यानें असा दोष दिसत नाहीं. म्हणून महिन्यांतून एकदां, सांज झाल्यावर, मोठे दिवे, ब्रेक व इंडिकेटर एकाच वेळीं लावून, घरांतील एखाद्या मुलास पुढें व एकास मागें उभें करून पाहावें. चालकाला स्वतःचा मागचा दिवा दिसत नाहीं. तो दुसऱ्यानेंच सांगावा लागतो.

त्या रात्रीं जेवतांना आम्हीं पुतण्याजवळ आपली चूक कबूल केली. तो नुसता हंसला. वहिनी मात्र म्हणाल्या, "भावोजी, तो स्कूटरवाला मुलगा भेटला तर त्यालाही सांगा हो." तो पुन्हां भेटला नाहीं. तेव्हां येथेंच सांगतों : बाळा, तुझें म्हणणें खरें होतें.