चिरंजीवांना स्पोर्ट बाइक हवी आहे!

बारावी झाली, की नाशिकच्या कितीतरी घरांत हा विषय निघतो. चिरंजीवांना (आणि हल्ली कन्यकांनाही, बरं का!) मोटारसायकल हवी असते, तीही साधीसुधी नव्हे, तर पुढे काच, बाजूला रंगीत आवरण आणि ओणवं होऊन चालवायची 'स्पोर्ट बाइक'. "ते तुझ्या बाबांना विचार," असं म्हणून आपण ओट्याकडे वळतो. मैत्रिणींनो, तसं करू नका. रात्री दाराकडे डोळे लावून बसायचं ते आपल्यालाच.

मुलगा 'टॉप स्पीड' सांगू लागला, की त्याला तिथेच थांबवा. चाकणला तयार झालेली केटीएम आरसी ३९० ताशी १६० किलोमीटरच्याही पुढे पळते म्हणे. पळो बिचारी! पण पळायचं कुठे? केंद्र सरकारने २०१८ साली दुचाकीला शहरात जास्तीत जास्त ६० आणि चौपदरी महामार्गावर ८० ची मर्यादा घातली आहे. आपल्या सिन्नर-इगतपुरीवरून समृद्धी महामार्ग जातो खरा, पण तिथे दुचाकीला मुळी प्रवेशच नाही. म्हणजे पैसे मोजायचे ते कायदा मोडल्याशिवाय वापरता न येणाऱ्या वेगाचे. शिवाय ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. फिजिक्स शिकलेल्या मुलाला हे गणित त्याच्याकडूनच करून घ्या.

मग पाहायचं काय? दुकानात मुलाला गाडीवर बसवा आणि स्टँड काढायला सांगा. दोन्ही पाय नीट टेकतात का? यामाहाची आर-१५ आपल्याकडे २००८ साली आली, तेव्हापासून ती मुलांची लाडकी. तिची बैठक ८१५ मिलिमीटर उंच, वजन १४० किलोच्या आसपास. कावासाकी निन्जा ३०० ची बैठक त्याहून खाली, पण वजन १७९ किलो, म्हणजे सिमेंटच्या साडेतीन गोण्या! पाय टेकले, तरी ती चढावर मागे ढकलता यायला हवी.

ताकदीचंही तसंच. आर-१५ ची साधारण १८ अश्वशक्ती, आरसी ३९० ची ४३. नवशिक्याच्या मनगटाला अंदाज नसतो. खड्ड्यात हात हलला, तरी अशी गाडी उसळी घेते. माझं मत विचाराल, तर पहिली दोन वर्षं दीडशे-दोनशे सीसीच्या पुढे जाऊच नये. या गाड्यांचं हँडल कमी वळतं, त्यामुळे भद्रकालीच्या गल्लीत गाडी वळवताना नाकी नऊ येतात. शिकताना गाडी एकदा तरी आडवी होतेच, आणि मग पहिलं फुटतं ते बाजूचं महागडं आवरण!

एबीएस मात्र हवंच. करकचून ब्रेक दाबला, तरी त्यामुळे चाक जाम होऊन घसरत नाही. पावसात कसारा घाट उतरताना त्याची किंमत कळते. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे. जुनी गाडी घेत असाल, तर मुद्दाम विचारा. दोन्ही चाकांना असेल, तर उत्तमच.

अठरा वर्षं पूर्ण होऊन लायसेन्स हातात पडेपर्यंत किल्ली आपल्याच कपाटात राहू द्या. "सोसायटीपुरती चालवतो" हे लाडीगोडीचं बोलणं ऐकू नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता थोडं आपल्यापुरतं. या गाड्यांची मागची सीट उंच आणि वीतभर. दुकानात एकदा स्वतः बसून बघा. धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड, हे सारं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. मुलं 'लूक' बिघडतो म्हणून साडीगार्ड काढून टाकतात, दुकानदारही "काढून देऊ का?" असं हसत विचारतो. त्याला नाही म्हणा. आणि बिलात आयएसआय मार्कची हेल्मेटं दोन लिहायला सांगा, एक नाही.