गळ्यांतील गांठ आणि रक्ताची साक्ष

घरांतील कोणाच्या गळ्याच्या पुढल्या बाजूस गांठ दिसूं लागली, किंवा दुसऱ्याच कांहीं कारणासाठीं केलेल्या सोनोग्राफींत ती अकस्मात् आढळली, म्हणजे पहिला प्रश्न बहुधा एकच निघतो : “रक्त तपासून काय तें एकदां कळणार नाहीं का?” प्रश्न अगदीं रास्त आहे. मधुमेह रक्तांत कळतो, कावीळ कळते. मग थायरॉईडचा कर्करोगच तेवढा कां लपावा? याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. तें नीट न समजल्यामुळें कित्येक घरांत अकारण भय पसरतें, आणि थोड्या घरांत अत्यवश्य असलेली तपासणी मात्र राहून जाते.

हा पेंच नवा नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एकाच अध्यायांत केलेला आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या सुजांत भेद कसा करावा, ही अडचण त्या आचार्यांपुढेंही होतीच. आजच्या वैद्यकास एवढें ठाऊक आहे कीं, थायरॉईडच्या बहुसंख्य गांठी निरुपद्रवी असतात. शंभरांत पांचदहा, फार तर पंधरा, कर्करोगाच्या निघतात.

नेहमीं करण्यांत येणारी टी-3, टी-4 व टी. एस्. एच्. ही तपासणी ग्रंथीचें काम कसें चाललें आहे तेवढेंच सांगते. कर्करोगाच्या बहुतेक रोग्यांत हे आंकडे यथास्थित असतात. तेव्हां ‘थायरॉईड नॉर्मल आला’ म्हणून गांठीकडे पाठ फिरविणें योग्य नव्हे. उलट प्रकारचा भ्रम थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाविषयीं होतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं सूनबाईंच्या अहवालांत हा आंकडा ‘कॅन्सर मार्कर’ अशा भारदस्त मथळ्याखालीं, मर्यादेबाहेर म्हणून ठळक अक्षरांत छापून आला, आणि दोन दिवस घरांत धड कोणी जेवलें नाहीं. वस्तुतः हें प्रथिन निरोगी थायरॉईडही तयार करीत असते. साधा गलगंड असला किंवा ग्रंथीस सूज आली तरी तें वाढतें. सूनबाईंना साधा गलगंडच निघाला.

मग हें प्रथिन निरुपयोगी कीं काय? नव्हे, त्याची वेळ निराळी आहे. कर्करोगासाठीं सबंध ग्रंथि काढून टाकली आणि उरलेसुरले अंश किरणोत्सर्गी आयोडीननें नष्ट केले, म्हणजे थायरोग्लोब्युलिन करणारें शरीरांत कोणी उरत नाहीं. त्यानंतर तें रक्तांत जवळजवळ शून्यावर यावयास हवें. पुढें कधीं तें चढूं लागलें, तर रोगाच्या पेशी कोठेंतरी पुन्हां डोकें वर काढीत असाव्यात असा संशय घ्यावा लागतो. मात्र अशा सुमारें चतुर्थांश रोग्यांच्या रक्तांत या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्यें असतात, व प्रचलित पद्धतींत तीं आंकडा खोटाच कमी दाखवितात. म्हणून दोन्ही तपासण्या एकदमच कराव्या लागतात. केसांसाठीं घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिनही कांहीं यंत्रांवर असाच घोंटाळा करतें. त्या गोळ्या चालूं असल्यास रक्त देण्यापूर्वींच डॉक्टरांस सांगावें.

गांठ कसली आहे याचा निर्णय आजही प्रथम सोनोग्राफीवर आणि बारीक सुईनें काढलेल्या पेशींवर होतो. त्यांतही एक कठीण जागा आहे. ‘फॉलिक्युलर’ नांवाच्या प्रकारांत साध्या गांठीच्या आणि कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं सारख्याच दिसतात. भेद एवढाच कीं, कर्करोगाच्या पेशी गांठीभोंवतालचें आवरण फोडून बाहेर, क्वचित् रक्तवाहिनींतही, शिरलेल्या असतात. सुईनें पेशी हातीं येतात, आवरण येत नाहीं. मग केवळ निर्णयासाठीं अर्धी ग्रंथि काढण्याचा प्रसंग येतो, आणि पुष्कळदां ती निर्दोष निघते.

येथेंच रेणूंच्या पातळीवरील रक्तपरीक्षेची कल्पना पुढें आली. अमेरिकेंतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत असा विचार केला : टी. एस्. एच्. चा संदेश घेणारें ग्राहक-प्रथिन बनविण्याची आज्ञा, म्हणजे त्याचें आर. एन्. ए., थायरॉईडच्या पेशींत असते. निरोगी माणसाच्या रक्तांत त्या पेशी फिरत नसतात. तेव्हां ती आज्ञा रक्तांत सांपडल्यास पेशी आवरण फोडून निघाल्या असल्या पाहिजेत. धूमावरून अग्नीचें अनुमान करावें तसाच हा युक्तिवाद आहे. त्यांस फळ आशादायक मिळालें, आणि सुईचा निर्णय संदिग्ध असतां या परीक्षेची जोड उपयुक्त ठरली. परंतु व्याप्ति निर्दोष असल्याखेरीज नैयायिक अनुमान मान्य करीत नाहींत, तेंच येथें घडलें. इतक्या सूक्ष्म मात्रेची मोजणी सर्व प्रयोगशाळांत सारखी उतरणें कठीण, म्हणून ही परीक्षा सर्वत्र रूढ झाली नाहीं. सध्यां सुईनें काढलेल्या पेशींतीलच जनुकें तपासण्याकडे अधिक कल आहे.

मग सर्वांचेच गळे तपासावे, असें कोणी म्हणेल. दक्षिण कोरियांत 1999 नंतर कर्करोगाच्या तपासणी-मोहिमेबरोबर गळ्याची सोनोग्राफीही फैलावली. 2011 सालीं तेथें थायरॉईडच्या कर्करोगाच्या निदानांचें प्रमाण 1993 च्या पंधरा पट झालें. मृत्यूंचें प्रमाण मात्र होतें तेथेंच राहिलें. ज्या बारीक गांठींनीं जन्मभर उपद्रव दिला नसता, त्यांसाठीं हजारों लोकांच्या ग्रंथि कापल्या गेल्या.

आतां ज्या एका प्रकारांत रक्ताची साक्ष खरोखर निर्णायक आहे, त्याकडे वळूं. ‘मेड्युलरी’ कर्करोगाचें स्वतंत्र वर्णन 1959 सालीं हॅझर्ड, हॉक व क्राइल यांनीं त्याच क्लीव्हलँड क्लिनिकमधून केलें. तो थायरॉईडच्या नेहमींच्या पेशींत न होतां ‘सी’ नांवाच्या निराळ्या पेशींत होतो, आणि त्या कॅल्सिटोनिन नांवाचा स्राव करतात. रक्तांतील कॅल्सिटोनिन दर मिलिलिटरास 100 पिकोग्रॅमच्या वर गेलें, कीं या रोगाचा संशय फार बळावतो. हा प्रकार विरळा आहे. पण त्यांतील सुमारें चतुर्थांश रोगी आनुवंशिक असतात. 1993 सालीं त्याचें मूळ ‘रेट’ या जनुकांतील दोषांत सांपडलें. आईबापांपैकीं एकांत हा दोष असला तर प्रत्येक मुलांत, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याचा संभव निम्मा असतो.

अशा मुलाचें रक्त एकदां तपासलें कीं, रोग होण्यापूर्वींच त्याचें भाकित करतां येतें. दोषाच्या अत्यंत उग्र प्रकारांत वयाच्या पहिल्याच वर्षीं, त्याखालच्या प्रकारांत पांच वर्षांच्या आंत, तर सौम्य प्रकारांत कॅल्सिटोनिनवर नजर ठेवून योग्य वेळीं, ग्रंथि काढून टाकतात. पुढें जन्मभर एक गोळी रोज घ्यावी लागते, पण कर्करोग टळतो. एवढें साधन उपलब्ध असतां आपल्या कुटुंबांत आड येते ती निराळीच गोष्ट. काकांना काय झालें होतें, आत्याच्या गळ्यावर कसली शस्त्रक्रिया झाली, हें लग्नकार्यांत विघ्न नको म्हणून घरच्या मुलांपासूनही लपविलें जातें. आमच्या मतें हा मोठा अन्याय आहे, आणि तो वडीलधारेच करतात. ‘गळ्याची गांठ’ एवढेंच सांगून भागत नाहीं; अहवालावर कोणता प्रकार लिहिला होता तें जुने कागद काढून पाहिलें पाहिजे. तो मेड्युलरी असल्यास त्या रोग्याची, घराण्यांत दुसरें कोणी आजारी नसलें तरी, रेट-तपासणी व्हावी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकाएकीं रक्तदाब चढून कोणी दगावलें असेल तर तेंही डॉक्टरांस सांगावें. कारण याच दोषांत कित्येकांस मूत्रपिंडावरील ग्रंथींतही गांठ होते, आणि रक्त-लघवी तपासून तिचा छडा आधींच लावावा लागतो.

ज्याच्या रक्तांत घराण्याचा तो दोष उतरलेला नाहीं, त्यास त्यासाठीं पुन्हां तपासण्या नकोत, शस्त्रक्रियाही नको. आणि पुढें त्याच्याकडून तो त्याच्या मुलांतही जात नाहीं.