ते नाणं तिथे कशाला?

गेल्या खेपेला एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की अभिजात कृतीपासून प्रेरणा घेणं आणि तिची नक्कल करणं यात फरक काय? आज मी गिटारवरून सांगतो. हसू नका, विषय गंभीर आहे.

माझा नातू स्वतःची इलेक्ट्रिक गिटार बनवतो आहे. त्याने आराखडा दाखवला. त्यात तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजशेजारी एक छोटं वर्तुळ होतं.
‘हे काय रे?’
‘नाणं, आजोबा.’
‘कशाला?’
‘ओरिजिनलला आहे.’

हे ओरिजिनल म्हणजे एडी व्हॅन हेलन या वादकाने सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात स्वतः जोडलेली गिटार. गंमत अशी, की त्याच्यासमोरही एक अभिजात नमुना होताच: 1954 ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. तिचा आकार त्याला आवडे, तारांचा ताण हलवून सूर थरथरवणारा दांडा आवडे. आवाज मात्र त्याला बारीक वाटे, शिवाय गुणगुण. तारेखाली चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं असतं; ते तारेचं कंपन पकडतं, तशी घरातल्या विजेची घरघरही पकडतं. 1955 मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी यावर उपाय काढला. शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवायची, पण गुंडाळणी उलट आणि चुंबकाची दिशाही उलट. मग तारेचा सूर दोन्हीकडून येऊन वाढतो, घरघर एकमेकींना खाऊन टाकते. काय सुंदर युक्तिवाद आहे पाहा!

व्हॅन हेलनने स्वस्तातलं लाकडी अंग आणि मान विकत घेतली, अंग कोरून गिब्सनचा पिकअप स्ट्रॅटच्या आकारात बसवला. तो तिरका बसवला, कारण दोन कंपन्यांच्या तारांमधलं अंतर वेगळं. प्रत्येक तार पिकअपच्या टप्प्यात यायला हवी. बटण एकच, आवाज कमीजास्त करायचं. बाकीची जोडणी त्याला जमली नाही, हे त्यानेच सांगून ठेवलंय. पुढे नवा, हलता ब्रिज आला. तो मागे झुकू नये म्हणून खाली टेकू हवा होता. हाताशी पाव डॉलरचं नाणं होतं. ते स्क्रूने ठोकलं, झालं!

आपल्या नैयायिकांनी ‘अन्यथासिद्ध’ अशी एक कोटी मानली आहे. घट तयार होतो तेव्हा माती, चाक, दंड ही कारणं. माती वाहून आणणारं गाढवही तिथे असतं, पण ते घटाचं कारण नव्हे. नातवाच्या गिटारीचा ब्रिज पक्का बसवलेला आहे, हलतच नाही. म्हणजे त्या नाण्याचं तिथे गाढव झालं!

2007 मध्ये फेंडरने त्या गिटारीच्या 300 प्रतिकृती काढल्या, किंमत 25,000 डॉलर. ओरखडे, सिगारेटचे डाग, नाणं, सगळं जसंच्या तसं. त्यात चूक काही नाही. प्रतिकृतीने ‘काय होतं’ एवढंच सांगायचं असतं. ज्याला त्यावरून आपलं वाद्य घडवायचंय, त्याला मात्र ‘का होतं’ हे विचारल्याशिवाय छिन्नी धरता येत नाही. लाकडात एकदा पाडलेला खड्डा खोडरबराने जात नाही हो! मला हे उशिरा कळलं. माझ्या प्रबंधात मी माझ्या गुरूंची लांबच लांब वाक्यं उचलली होती. ती त्यांच्या विचारांच्या मापाची होती, माझ्या नव्हे. परीक्षकांनी एका वाक्याचा अर्थ विचारला, आणि मला तो सांगता येईना.

नातवाने नाणं खोडलं. तिरका पिकअप अजून तसाच आहे. आधी आपल्या तारांमधलं अंतर मोजतो, म्हणाला.