बांधीतला मृत्यू मोजणार कोण?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात कष्टाच्या दोन जागा एकमेकींना खेटून आहेत. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे ‘मॉईल’ कंपनीच्या मँगनीज खाणी आणि भोवती धानाच्या बांध्या. खाणीत कामगार दगावला, तर सरकारला कळवावंच लागतं आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाचा अधिकारी कारण शोधायला येतो. खाण कायद्यांमुळे ही पद्धत कधीचीच रुजली आहे. बांधीत मात्र ऐन उमेदीतला शेतकरी वीज पडून, साप चावून किंवा मोटारीचा शॉक लागून गेला, तर पंचनामा होतो, ‘फार मेहनती पोरगा होता’ म्हणून गाव हळहळतं आणि विषय संपतो. त्या मेहनतीची खरी कदर करायची असेल, तर हा मृत्यू कामावर आलेला मृत्यू आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे.

याला नशीब म्हणणं सोपं आहे, पण पुरावा वेगळं सांगतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. आपल्याकडे पऱ्हे टाकण्यापासून रोवणी आणि निंदणीपर्यंतचे महिने हेच. वीज रात्रीच मिळत असेल, तर मोटार सुरू करायला अंधारात धुऱ्यावरून जावं लागतं, आणि घोणस, मण्यारही बहुतेक अंधारातच बाहेर पडतात. धोका कामाच्या वेळेतून आणि पद्धतीतून येतो. म्हणून तो कमीही करता येतो. नोंदींनी जीव वाचतात, याचं उदाहरणही आहे: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या, प्राझोसिनचा उपचार रूढ केला, आणि एरवी हातचे जाणारे बहुतेक रोगी वाचू लागले.

शेतकरी स्वतःच मालक, मग जबाबदार कोणाला धरणार, असं कोणी विचारेल. पण चौकशी केवळ दोषी शोधण्यासाठी नसते. पुढचा माणूस वाचावा यासाठीही असते. दुसरा आक्षेप असा की, मदत तर मिळतेच. खरं आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला घरातला एक सदस्यही त्यात येतो. बापाच्या नावावरची शेती कसणाऱ्या तरुणासाठी ही तरतूद मोलाची आहे. मात्र अनुदान मरणानंतर येतं. नोंदी वाढल्या की कागदपत्रं वाढतील, ही भीतीही फारशी खरी नाही. पंचनामा आणि मृत्यूचं कारण अनुदानाच्या प्रस्तावात असतंच. ते एकत्र करून वाचण्याचं काम तेवढं राहिलं आहे.

तालुका कृषी कार्यालयाने या प्रस्तावांचा वर्षाचा गोषवारा काढावा: मृत्यू कोणत्या कामात झाला, किती वाजता, दवाखाना गाठायला किती वेळ लागला. रोवणीआधीच्या ग्रामसभेत तो वाचला जावा. त्यावरून कोणत्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष कायम हवं आणि कोणत्या गावांना दिवसा वीज आधी हवी, हे ठरवता येईल. गेलेल्याच्या स्मरणार्थ गावं कबड्डीचे सामने भरवतात, त्यात खरी माया असते. त्या मायेने हा हिशेबही दरवर्षी मागावा. त्याच्या वयाचे बाकीचे शेतकरी सुखरूप घरी परतावेत, यासाठी तो हवा.