सीट मिळाली, कॉट मिळेना

24 जून 2024. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातला एका दलित मजुराचा मुलगा आयआयटी धनबादची 17,500 रुपयांची फी ऑनलाइन भरायच्या धडपडीत होता. परीक्षा त्यानं पार केली होती, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागाही त्याच्या नावावर लागली होती. पैसे भरायला मुदत होती चार दिवसांची. गावातून, ओळखीपाळखीतून रक्कम गोळा होईपर्यंत शेवटचा दिवस मावळला आणि पोर्टल बंद झालं. जागा गेली. पुढं तीन महिने तो या दारातून त्या दारात फिरला. अखेर 30 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं घटनेच्या कलम 142 खालचा आपला खास अधिकार वापरला आणि त्याला त्याच वर्षी, त्याच शाखेत प्रवेश द्यायला लावला.

निकाल वाचून बरं वाटलं, पण मन तिथंच अडकलं. या मुलाकडे बुद्धी होती, मेहनत होती, रँक होती. नव्हते ते चार दिवसांत हाताशी येतील असे रोख पैसे. नोकरदाराच्या घरात जी गोष्ट फोनवर दोन मिनिटांत उरकते, तिच्यासाठी इथं देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं. आणि जी मुलं दिल्लीपर्यंत पोहोचत नाहीत, त्यांची गणती कुठंच होत नाही.

आपल्याकडे प्रवेशाचा हिशेब एका आकड्यात मांडायची रीत आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये 18 ते 23 वयोगटातलं नोंदणीचं प्रमाण 28.4 टक्के होतं. अनुसूचित जातींमध्ये 25.9 आणि अनुसूचित जमातींमध्ये 21.2. दरी कमी होते आहे, हे खरं आणि मोलाचं आहे. पण हा आकडा हजेरीपटावरची नावं मोजतो. कोण तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला आहे आणि कोण मुंबईत संगणक अभियांत्रिकीला, कोण दुसऱ्या वर्षी गावी परतलं, यातलं काहीच त्यात दिसत नाही. घरची पार्श्वभूमी बोलते ती नेमकी याच जागी.

समजा, बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारजवळची एक मुलगी आहे. आईवडील ऊसतोडीला जातात; दिवाळीनंतर गाव सोडतात ते उन्हाळ्यातच परततात. मुलगी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग गावच्या मराठी शाळेत शिकली. अकरावी विज्ञानाला गेली तेव्हा भौतिक, रसायन, गणित सगळंच इंग्रजीत सुरू झालं. जे कळत होतं तेही काही महिने कळेनासं झालं. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीत घेता येते. गणिताची इंग्रजीतच सोडवावी लागते. क्लास लावलेल्या मुलांनी तोवर ढिगानं सराव परीक्षा दिलेल्या असतात. तरीही ही मुलगी बरे गुण मिळवते. अशा मुली दरवर्षी मिळवतात.

आणि मग सुरू होतो कागदांचा महिना. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेयर, डोमिसाईल, टीसी, आधारशी जोडलेलं बँक खातं. प्रत्येक कागदाला आधीचा कागद लागतो. पडताळणीसाठी वडिलांच्या, आजोबांच्या शाळेचा उतारा मागतात, आणि आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणाचं नाव कुठल्या रजिस्टरात चढलं नाही, त्याच घराकडे सरकार रजिस्टरचा पुरावा मागतं. एक दाखला राहिला, की मुलगी राखीव जागेऐवजी खुल्या गटात मोजली जाते आणि फीची सवलत हातची जाते.

त्यानंतर ऑप्शन फॉर्म. कॅप राउंडमध्ये पसंतीक्रमात पहिल्या नंबरवर टाकलेलं कॉलेज लागलं, की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. ज्याचा मोठा भाऊ किंवा मामा इंजिनिअर आहे, त्याला हे जेवताना सहज कानावर पडलेलं असतं. या मुलीचा फॉर्म ई-सेवा केंद्रातला पोरगा भरून देतो, घाईत, मागं रांग असताना. कुठलं कॉलेज चांगलं, कुठली शाखा पुढं चालते, हे त्यालाही ठाऊक नसतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि झां-क्लोद पासरों यांनी 1964 मध्ये विद्यापीठातल्या मुलांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘वारसदार’ असं ठेवलं. घरातून नकळत मिळालेला वारसा विद्यापीठ गुणवत्ता म्हणून मोजतं, असा त्यांचा दावा होता. आपल्याकडच्या त्या वारशात मला सगळ्यांत महाग वाटते ती माहिती. जमीन गहाण टाकून फी भरता येते, माहिती कुठं गहाण मिळत नाही.

फीच्या बाबतीत सरकारनं मोठं पाऊल उचललं, हे आवर्जून लिहायला हवं. 2024-25 पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना केंद्रीभूत पद्धतीनं व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. अनेक घरांत मुलीच्या शिक्षणाची चर्चाच यामुळं बदलली. पण कॉलेज पुण्यात आहे आणि घर शिरूर कासारजवळ. राहायचं कुठं, जेवायचं काय?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. उलट तो सगळ्यांत आधी ओळखणाऱ्यांत आपण होतो. रयतेच्या घामाच्या पैशातून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढं स्पष्ट शब्दांत मांडली होती. मुंबई विद्यापीठाला तेव्हा 25 वर्षं झाली होती. त्या तक्रारीवरचा उपाय शाहू महाराजांनी वसतिगृहात शोधला. कोल्हापुरात 1901 मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची बोर्डिंगं उभी राहिली, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढं एकामागून एक कितीतरी. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाली नाही, तर शाळेचं दार उघडं असून त्याला काही उपयोग नाही, हे महाराजांना पक्कं कळलं होतं.

भाऊराव पाटील याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहणारे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेल्यावर परतताना आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंगतीत आणणारं वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या जेवणाला पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. फी, नादारी यांच्या आधी त्या बाईला पिठाचा डबा दिसला होता.

मराठवाड्यात हेच काम बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयानं केलं. 1950 मध्ये औरंगाबादेत ते सुरू झालं तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि विद्यापीठ दूर हैदराबादला. अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले सुखदेव थोरात याच मिलिंदमध्ये शिकले आणि 2006 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

आजचा हिशेब मांडून बघा. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधार, अशी तिची भावंडं. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजनाला 32,000, निवासाला 20,000, निर्वाहाला 8,000. निवासाचे 20,000 म्हणजे महिन्याला 1,667. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवरही जागा मिळत नाही, आणि मिळाली तरी मालक आधी डिपॉझिट मागतो. भोजनाचे 32,000 म्हणजे दिवसाला 88 रुपयांच्या आत, नाश्ता आणि दोन्ही जेवणं धरून. शिवाय हे पैसे वर्ष सुरू होताना हातात येत नाहीत. मेसवाल्याला मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. योजना चांगली आहे, हेतू सच्चा आहे. रक्कम आणि वेळ, दोन्ही तोकडी पडतात.

या तोकडेपणाचे परिणाम निकालात उतरतात. रात्री हॉटेलात काम करून सकाळच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या मुलाला पहिल्याच सेमिस्टरला एटीकेटी लागते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत दिलेली आकडेवारी अशी: पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे 13,626 विद्यार्थी मधेच बाहेर पडले. यातले काही दुसऱ्या संस्थेत किंवा अभ्यासक्रमात गेले असतील, हे सरकारचं म्हणणं मान्य आहे. तरी इतक्या कष्टानं मिळवलेली जागा इतक्या मुलांनी हौसेनं सोडली, असं मला वाटत नाही.

पदवी हातात आल्यावरही वाट सरळ नसते. थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावं वेगळी. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली.

शिरूर कासारच्या त्या मुलीची समजा सगळी कागदं वेळेत जमली, कॉलेजही लागलं. सरकारी वसतिगृहाच्या अर्जाला कॉलेजचं बोनाफाईड लागतं, म्हणजे आधी प्रवेश आणि मगच वसतिगृहाची यादी. दोन्हींच्या मधल्या आठवड्यांत वर्ग तर सुरू झालेले असतात. पुण्यातल्या हॉस्टेलांत अशा मुलामुलींसाठी एक शब्द रूढ आहे: पॅरासाइट. जागा न मिळालेला विद्यार्थी मित्राच्या खोलीत गुपचूप राहतो, एका कॉटवर दोघं झोपतात नाहीतर एक खाली सतरंजी टाकतो. रेक्टरची तपासणी आली, की पिशवी घेऊन अभ्यासिकेत जाऊन बसायचं. शब्द ऐकायला वाईट आहे, पण तिथं कुणी तो हिणवायला वापरत नाही. ज्याच्या नावावर कॉट असते तो बहुतेकदा आदल्या वर्षी स्वतः पॅरासाइट राहिलेला असतो, आणि रात्री मेसमधून येताना दोन पोळ्या जास्तीच्या घेऊन येतो.