थरथरत्या आकड्यांचे वाचन

कॉकपिटमधले आकडे कंपनात पुसट झाले की दोष डिस्प्लेच्या माथी मारला जातो. खरा प्रश्न डोळा आणि डिस्प्ले एकमेकांच्या तुलनेत किती हलतात, हा आहे. वर्तमानपत्र स्थिर धरून मान भराभर हलवली तरी मथळा वाचता येतो. मान स्थिर ठेवून कागद तितक्याच वेगाने हलवला की अक्षरे विरघळतात. मान वळताच आतल्या कानातली संतुलनयंत्रणा डोळ्याला उलट दिशेने फिरवते, म्हणून पहिला प्रकार जमतो. हलत्या वस्तूमागे धावणारी नजर मात्र मंद असते. सेकंदाला दोनेक हेलकाव्यांच्या पुढे ती मागे पडते. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचा चार पात्यांचा रोटर मिनिटाला २५८ फेरे घेतो, म्हणजे पात्यांमुळे सेकंदाला सुमारे १७ हादरे बसतात. अपाचे हेलिकॉप्टरमध्ये तर एक डिस्प्ले हेल्मेटलाच जोडलेला असतो. चित्र डोक्याबरोबर हलते आणि कानाची यंत्रणा डोळ्याला बाहेरच्या जगावर खिळवू पाहते. एरवीची मदतच इथे अडथळा होते.

मग कंपनच का थांबवू नये? थांबवतातही. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरमध्ये रोटरचे हादरे सांगाड्यापर्यंत कमी पोहोचावेत अशी यंत्रणा आहे. पण ती ठरावीक वारंवारितेसाठी जुळवलेली असते. इंजिनाचे पाते तुटल्यावर किंवा हवेच्या खळबळीत येणारे हादरे त्या हिशेबात बसत नाहीत, आणि आकडे अचूक वाचण्याची निकड नेमकी तेव्हाच असते. अक्षरे मोठी केल्याने निश्चित फायदा होतो, पण तेवढ्या जागेत माहिती कमी मावते. हाच पेच अंतराळयानातही आला: नासाच्या एरिस-१ रॉकेटच्या घन इंधनाच्या टप्प्यातून सेकंदाला १२ हादरे येण्याची भीती होती. म्हणून नासाच्याच एम्स संशोधन केंद्राने माणसांना पाठीवर झोपवून, ०.७ जीपर्यंत हलवून वाचायला लावले. हादरे वाढले तशा चुकाही वाढल्या. तिथेच एक विलक्षण उपाय पुढे आला: आसनाच्या हालचालीशी ताल जुळवून डिस्प्ले क्षणभरच उजळवायचा, म्हणजे तो प्रत्येक वेळी डोळ्याला जवळपास त्याच जागी दिसतो. यावर आक्षेप असा की पडदा मंद भासतो आणि अनियमित हादऱ्यांत ताल सापडत नाही. आक्षेप रास्त आहे. तरीही या प्रयोगाने डोळ्याच्या बाजूने विचार केला, हे मला मोलाचे वाटते. कॉकपिटच्या डिस्प्लेची सुवाच्यता म्हणूनच स्थिर टेबलावर तपासून भागणार नाही. हलत्या आसनावर, हेल्मेट घातलेल्या वैमानिकाकडून आणि बिघाडातल्या कंपनातही ती तपासली पाहिजे.